खलास लिहिलेल्या फायली

प्रत्येक भव्य वास्तूच्या पायाशी एका अनाम कारागिराचे मौन असते. आखातातल्या रास अल खोरमधली गोदामे सांभाळणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमच्या पायाशी शंभरेक हेडर फायली होत्या, आणि ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ कामतबाई त्यांच्याशी दिवसभर बोलत असत.

खिडकीच्या पट्ट्यांतून गाळून आलेले पिवळट ऊन त्यांच्या चष्म्यावर आडवे पडे. बाहेर रेतीने धूसर झालेल्या क्रेन, आत एसीची संथ गुणगुण, आणि मध्येच एखाद्या ओळीला बाईंनी हलक्या आवाजात विचारलेले, "तू इथे कशाला रे?" हेडर म्हणजे कोणत्या गोष्टीला काय म्हणायचे याची सगळ्यांची सामायिक यादी. आठ वर्षांत प्रत्येकाने तीत भर घातली, काढले कोणीच काही नाही. एका शब्दाला हात लावला की सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागे, आणि यंत्र दुपारभर ध्यानस्थ होई.

बाईंचे यजमान दूरच्या अल ऐन शहरातल्या इस्पितळात रुजू झाले होते. गुरुवारी त्याही निघणार होत्या. घरातली खोकी अर्धवट होती, पण हा पसारा आवरूनच जायचे, हे त्यांनी ठरवले होते. झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खेळणे सोडवावे तशी त्या एकेक निरुपयोगी ओळ काढत, आणि फाइल निवळली की माथ्यावर रोमन लिपीत लिहीत: खलास.

आखातात याचा अर्थ 'झाले'. मला पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. माझ्या लेखी खलास म्हणजे मेले. मंगळवारी, मदत म्हणून, मी तशा चाळीस फायली पुसून टाकल्या.

बाईंनी संगणकाच्या पडद्यावरची फायलींची यादी वरपासून खालपर्यंत सरकवली.

"बॅकअप असेल ना, मॅडम?" मी विचारले.

"आहे की. मी आवरायच्या आधीचा." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "यल्ला, चल, खुर्ची ओढ. पुण्याची मदत पुरे, आता नुसतं टाइप कर."

दोन दिवस त्या डोळे मिटून सांगत गेल्या, कुठली ओळ कुठून गेली होती. जणू सोडलेल्या घरातून अंधारात फिरत होत्या. गुरुवारी खाली यजमानांच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा तीन फायली उरल्या होत्या. त्यांच्यावाचूनच प्रोग्रॅम बांधून पाहिला. बांधला गेला.

"या मात्र तुझ्या अर्थाने खलास," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

माणूस गेल्यावर मागे काय उरते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या तीन फायली कशासाठी होत्या, हे अजून कोणी विचारलेले नाही.