चौथा साहेब

विमानं आणि रडार बनवणाऱ्या त्या परदेशी कंपनीच्या इथल्या कचेरीत चौथा साहेब रुजू झाला, तेव्हा बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. बाई म्हणजे कचेरीच्या उपप्रमुख. आधीचे तिन्ही साहेब त्यांनीच घडवले होते. कोणाला कधी भेटायचं, कोणापुढे गप्प बसायचं, कुठली फाईल कुठल्या टेबलावर अडते, सगळं शिकवून. साहेब जरा माणसात आला की त्याची बदली व्हायची. मग नवा साहेब, आणि ये रे माझ्या मागल्या.

चौथ्यानं पहिल्याच बैठकीत पडद्यावर आलेख लावला. बाण वर वर चालला होता.

"ही बाजारपेठ झपाट्यानं वाढते आहे," तो म्हणाला. "आपण हवाई तळावर जाऊन नवी हेलिकॉप्टरं दाखवू."

"आधी चौकटीचं बघायला हवं," बाई म्हणाल्या.

चौकटीचं घोंगडं दुसऱ्या साहेबापासून भिजत पडलं होतं. कंपनीनं विकलेल्या हेलिकॉप्टरांची पाती इथेच तळावर दुरुस्त होतील, असं त्यानं छातीठोक सांगितलं होतं. पात्यांचा तोल तपासायचं यंत्र आलंही. पण पातं ज्यात धरून ठेवायचं ती लोखंडी चौकट मात्र साहेबांच्याच देशात, परवान्यासाठी अडून बसली. म्हणून जरा टवका उडाला तरी पातं समुद्रापार पाठवायचं आणि ते परत येईपर्यंत हेलिकॉप्टर शेडमध्ये उभं ठेवायचं.

"त्याचं काम चालू आहे ना?" साहेबानं विचारलं.

"चालूच आहे. संपत नाही, एवढंच."

साहेब हसला. त्याला ती गंमत वाटली.

संध्याकाळी घरी येऊन बाईंनी पर्स सोफ्यावर आदळली. नवरा दातांचा डॉक्टर. लोकांचे चेहरे वाचायची त्याला सवय होती.

"यालाही पहिल्यापासून का?"

"अगदी श्रीगणेशापासून. पालथ्या घड्यावर पाणी."

"मग सोड ना नोकरी."

"लोक दात घासत नाहीत म्हणून तू दवाखाना बंद करतोस का?"

तो चहा टाकायला उठला.

पुढच्या आठवड्यात साहेब आणि बाई तळावर गेले. तिथला मुख्य अभियंता मितभाषी माणूस. साहेबांशी तो नेहमी अदबीनं वागायचा आणि मग सगळा राग फोनवरून बाईंवर काढायचा. साहेबाचा बाण पडद्यावर चढू लागला, तशी अभियंत्यानं मान वळवून बाईंना इथल्या भाषेत विचारलं, "यांना सांगितलंत का?"

"सांगितलं."

"मग हे काय चाललंय? आमची तीन हेलिकॉप्टरं पात्यांवाचून उभी आहेत, आणि हे चौथं विकायला आलेत. यांना लाज कशी वाटत नाही?"

"काय म्हणतायत ते?" साहेबानं उत्सुकतेनं विचारलं.

इतकी वर्षं बाई दोन्हीकडचे शब्द साखरेत घोळवून पुढे सरकवत आल्या होत्या. आज साखर संपली होती. त्यांनी शब्दन् शब्द साहेबाच्या भाषेत सांगितला, लाजेसकट.

साहेबाचे कान लाल झाले. अभियंत्यालाही ती भाषा येत होतीच. तो खुर्चीत जरा सावरून बसला, पण शब्द मागे घेतले नाहीत. साहेबानं पडदा बंद केला.

"मला ते यंत्र दाखवाल?" तो म्हणाला.

यंत्रावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर कबुतरांची घाण. साहेबानं ताडपत्रीचं टोक उचलून आत वाकून पाहिलं.

परतताना गाडीतच त्यानं मुख्यालयाला फोन लावला. परवाना विभागानं कायदा विभागाकडे बोट दाखवलं, कायदा विभागानं परवाना विभागाकडे. साहेबाचा आवाज चढत गेला. "मला पुन्हा तेच सांगू नका," तो दोनदा म्हणाला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. हेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकताना त्यांना फार बरं वाटत होतं.

त्यानंतर साहेब मुख्यालयाच्या हात धुऊन मागे लागला. रोज फोन, रोज भांडण. अखेर चौकट आली, यंत्रावर चढली, पहिलं पातं तिच्यात नीट बसलं. अभियंत्यानं फक्त "जमलं" म्हटलं आणि हात पुसले.

मुख्यालयातल्या बड्या मंडळींना मात्र साहेब झोंबला होता. मुदत संपण्याआधीच त्याला परत बोलावलं. जाताना त्यानं बाईंचं नाव सुचवलं, आणि मुख्यालयानं कळवलं की सुयोग्य व्यक्ती मिळेपर्यंत बाई प्रभारी प्रमुख राहतील.

"अभिनंदन करू की नको?" नवऱ्यानं विचारलं.

"सुयोग्य व्यक्ती म्हणे. मग आजवर मी काय तिथे माश्या मारत होते?"

दुसऱ्या दिवशी बाई साहेबाच्या खोलीत गेल्या. त्याची खुर्ची इतकी उंच होती की पाय जमिनीला टेकेनात, आणि खाली करायचा दांडा अडकलेला. दोनदा खटपट करून त्यांनी ती कोपऱ्यात ढकलली, स्वतःची जुनी खुर्ची आत आणली आणि पुढचं पातं कधी चढवायचं ते विचारायला तळावर फोन लावला.