बाटलीनंतरची टकटक

आमच्या गॅरेजवरून जाणाऱ्याला वाटतं, ही बापलेक दिवसभर भांडतात. "अप्पा, चहा!" "अप्पा, फोन!" असं मी घसा फोडून ओरडत असते. भांडत नाही हो. म्हणजे भांडतोही, पण त्यासाठी एवढा आवाज लागत नाही.

अप्पांचा कान हेच आमच्या गॅरेजचं भांडवल. बोनेट उघडून, मान तिरकी करून नुसते उभे राहायचे आणि इंजिनाचं काय दुखतंय ते सांगायचे. लोक अजून त्या कानासाठीच येतात. तो कान आता गेलाय, हे फक्त मला ठाऊक होतं. त्यांच्या मागोमाग मी ऐकायची, काही राहिलं असेल तर गुपचूप दुरुस्त करायची. त्यांना सांगायला जीभ रेटत नव्हती.

आमचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. त्यांची गाडी बावीस वर्षांची. इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक, मागून काळा धूर. अप्पा म्हणाले, "उघडायला नको. आधी आतून धुऊन बघू." इंजिनाच्या तेलात सफाईच्या औषधाची बाटली ओतली, दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली आणि तेल काढलं. डांबरासारखं निघालं. मग नवं तेल, नवा फिल्टर, आणि पेट्रोलच्या टाकीत वेगळी बाटली. "टाकी संपेपर्यंत चालवा आणि या," असं सांगून मास्तरांना पाठवलं. मला या बाटल्यांचा मनापासून राग आहे. वर्षानुवर्षं तेल बदलायचं नाही, आणि मग एका बाटलीत सगळं पाप धुऊन हवं! पण अप्पांपुढे कोण बोलणार?

आठवड्याने मास्तर आले. धूर खरंच गेला होता, तेवढं मला मान्य करावं लागलं. अप्पांनी मान तिरकी केली.

"बघ," ते मला म्हणाले, "टकटक गेली. उगाच नाक मुरडत होतीस."

टकटक गेली नव्हती. वाढली होती.

मास्तरांनाही ती ऐकू येत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. पण चाळीस वर्षांचा विश्वास. "अप्पा म्हणतात म्हणजे गेलीच," ते वर्गातल्या खड्या आवाजात म्हणाले. "मग उद्या लेकीकडे निघतो. दिवसभराचा रस्ता आहे, मध्ये घाट आहे."

मागाहून दुरुस्त करायला ही गाडी इथे राहणार नव्हती. इंजिन घाटात जाम झालं तर हा म्हातारा माणूस काय करणार? मला अप्पांचा राग आला, मास्तरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"अप्पा, आवाज येतोय."

"काय?"

"आवाज येतोय!" रस्त्यापलीकडचा शिंपीसुद्धा मशीन थांबवून बघायला लागला.

अप्पा लालबुंद झाले. "मला शिकवतेस?"

मी लांब स्क्रूड्रायव्हर आणून त्यांच्या हातात दिला. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, की आवाज हाडातूनच आत पोचतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. स्वतः मात्र कधी करायचे नाहीत, त्यांना त्यात कमीपणा वाटायचा. मास्तरांकडे एकदा बघून ते वाकले. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"वर तेल पोचत नाहीये," ते म्हणाले. "बाटलीने सुटलेला गाळ खाली तेल ओढणाऱ्या जाळीत अडकलाय. खालचं तेलाचं चेंबर उतरव, जाळी साफ कर. मास्तर, उद्या जायचं नाही."

अगदी बरोबर होतं. माझ्याही मनात तेच होतं.

मी गाडी बंद केली. अप्पा फडक्याने स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"आवाज चार दिवसांपासून वाढला असेल," मास्तर हळूच म्हणाले. अप्पांना ते ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"गाडीचं कळलं," ते म्हणाले. "माझ्या कानाचं कधीपासून?"

मी खाली मान घालून सांगितलं, "वर्ष झालं, अप्पा."

"काय?"

मग ते मला ओरडून सांगावं लागलं.