शिवनाथेवरच्या पुलाची परीक्षा

मित्रांनो, मी दुर्गजवळ शिवनाथ नदीवर उभा असलेला एक जुना दगडी रेल्वेपूल आहे. अंगाने आडमाप, स्वभावाने तापट. साठ वर्षं माझ्यावरून गाड्या धडधडत गेल्या, मी कधी हूं की चूं केलं नाही.

मग भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. अवजड यंत्रं माझ्यावरूनच जाणार होती. कोणीतरी शंका काढली, "म्हाताऱ्याला झेपेल का?" असा संतापलो म्हणून सांगू! शेवटी माझी परीक्षा ठरली. नापास झालो तर मला पाडणार होते. खरं सांगतो, घाबरलो.

सकाळी मधल्या कमानीला एक तार टांगली. तिच्या खालच्या टोकाला मापाचा काटा आणि एक आकडा. वर दोन इंजिनं उभी करायची. मी दबलो की काटा खाली येणार. तारेच्या राखणीला रुळांच्या गँगमधला दौलतराव होता. ऐन वेळी त्याला झेंडी दाखवायला वर बोलावलं. तेवढ्यात त्याची बायको भागाबाई धुणं आटोपून आली. रिकामा आकडा दिसताच तिने ओलं नऊवारी लुगडं निथळायला त्याला अडकवलं आणि बाकीचं धुणं पिळायला गेली.

इंजिनं आली. इंजिनिअर कृष्णराव उन्हाला कंटाळून पलीकडच्या काठावर छत्रीखाली बसले होते. दुर्बिणीत त्यांना फक्त काटाच दिसत होता, खालचा आकडा नाही. ते ओरडले,

"अरे बाप रे, दोन बोटं दबला! पाडा लागते याले!"

मी दगडाचा नसतो तर तिथेच रडलो असतो.

दौलतरावाने वरून वाकून पाहिलं, लुगडं ओळखलं आणि पांढराफटक पडला. बोलावं तर त्याची नोकरी जाणार, गप्प राहावं तर मी जाणार. गप्पच राहिला, लेकाचा!

भागाबाईने मात्र साहेबांची आरोळी ऐकली, आकड्यावरचं लुगडं पाहिलं आणि गुडघाभर पाण्यातून ती तरातरा त्यांच्यापुढे गेली. "साहेब, पुलाले कावून बदनाम करून राहिले जी? थे माहं लुगडं होय! मले रागवा, पण यायले कामावरून नोका काढू."

लुगडं काढलं, तशी त्याच्या वजनाने ताणलेली तार आखडली. इंजिनं वर उभीच होती, तरी काटा सरसर वर गेला. मी पास!

कृष्णराव आधी चिडले, मग हसत सुटले. "दौलतराव, नोकरी राहू दे तुझी. पण पुढच्या वेळी राखणीले बायकोलेच बसव!"

मित्रांनो, कोणा म्हाताऱ्याला नालायक ठरवायच्या आधी चार पावलं जवळ येऊन बघा. माझ्या सांध्यांत पिंपळ उगवला असेल तर तेवढा उपटा. वजनाचं मी बघतो.