साफ्ताच्या फाटकापाशी अस्वल

आमच्या वालेआ पेरीलोर गावात कोण गेलं, कुणाचं कुत्रं हरवलं आणि वीज कधी जाणार, हे आधी माझ्या पानावर येतं आणि मग लोकांना खरं वाटतं. फेसबुकवरचं हे पान मी पोस्टातून निवृत्त झाल्यापासून चालवते. बातम्यांखाली रोज एक सुरक्षेची सूचना असते. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला नंबर सांगू नका, धुराडं साफ करून घ्या, रानातली अळंबी ओळखीची असतील तरच खा. अस्वलांवर तर मी खास मेहनत घेतली होती. पळू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, हळू आवाजात बोलत मागे सरका. माझा नवरा म्हणाला, ही पथ्यं मी लग्न झाल्यापासून पाळतोय. माणूस तसा गरीब आहे, पण जिभेला हाड नाही. तर त्यातच शेवटी मी लिहिलं होतं की संध्याकाळी गावात अस्वल शिरलं असेल तर घरी आलेल्या पाहुण्यांना बाहेर पडू देऊ नका. लिहिलं आणि मीच विसरून गेले.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघी साफ्ताकडे रमी खेळतो. साफ्ताचं घर गावाच्या टोकाला, त्याच्यापुढे थेट रान. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, एकुलता एक मुलगा ओविदिऊ स्पेनमध्ये संत्र्यांच्या कारखान्यात. बाई रमी वाईट खेळते, पण हरल्यावर तोंड वाकडं करत नाही, म्हणून आम्हाला आवडते. बाकीच्या दोघी म्हणजे झाम्फिरा आणि पाद्रीणबाई मिनोदोरा. झाम्फिराची मालिका सहाला लागते, पाद्रीबुवांना सातच्या आत गरम सूप लागतं आणि मला माझं पान बघायचं असतं. त्यामुळे साडेपाच वाजले की आम्ही तिघी कोट चढवायला उठतो.

गेल्या शरदातल्या एका रविवारी आम्ही अशाच उठलो आणि चौघींचे फोन एकदम किंचाळले. सरकारी धोक्याचा संदेश. गावाच्या टोकाला अस्वल, घरातच थांबा. आम्ही गपकन खाली बसलो. साफ्ता म्हणाली, आता काय करणार बायांनो, जेवूनच जा. आणि कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून शिजवलेले सारमाले आले, वाफाळते, चौघींना पुरून उरतील इतके. इतक्या झटकन ते शिजले कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण पोटात भूक असली की माझं डोकं चालत नाही. पोलीस तिबेरियु गाडी घेऊन आला, कुंपणाभोवती बॅटरी फिरवली, अस्वल निघून गेलं म्हणाला आणि तोही ताट घेऊन बसला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. झाम्फिराने मालिकेचा नाद सोडला, साफ्ताच्याच टीव्हीवर बघू लागली. पाद्रीबुवा स्वतःचं सूप स्वतः गरम करायला शिकले, हे तर गावातलं मोठंच आश्चर्य. मी दर वेळी पानावर बातमी टाकत होते. सोबत फोटोही टाकला. तो दुसऱ्याच डोंगरातला होता, पण अस्वलं काय, सगळी सारखीच दिसतात.

आणि मग गावाला अस्वलाची लागण झाली. गाव्रिल मधमाश्यावाला म्हणाला, माझ्या दोन पेट्या फोडल्या, आणि त्याने सरकारकडून भरपाईसुद्धा मिळवली. मिनोदोराच्या कोंबड्या गेल्या. पर्यटकांना खोल्या देणारी दोइना, तिने तर दारात पाटीच लावली, खिडकीतून अस्वल दिसेल. हळूहळू अस्वलाला दोन पिल्लंही झाली. तिबेरियुने अहवालात लिहिलं की जनावर सायरन वाजवून जिवावर उदार होऊन पिटाळलं. मी सगळं इमानाने छापलं. बातमी आहे, मी कोण अडवणार?

माझं पान सगळ्यात मन लावून कोण वाचतं, ठाऊक आहे? स्पेनमधला ओविदिऊ. मुलगा गुणाचा आहे हो, उगाच नावं ठेवणार नाही. आईच्या फाटकापाशी दर आठवड्याला अस्वल, हे वाचून तो घाबरला. एके दिवशी त्याने फोन करून आईला सांगून टाकलं की, मी येतोय, सामान बांध. तिकडे चौथ्या मजल्यावर खोली बघितली आहे, लिफ्टही आहे. घर घ्यायला दोइना एका पायावर तयार होती. तिचा त्या जागेवर कधीपासून डोळा होता.

तो यायच्या दिवशी सकाळी साफ्ता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोक्यावरचा रुमालही सोडला नाही. कॉफी दिली तर तिच्याकडे बघतच बसली.

"आउरिका," ती म्हणाली, "अस्वल नाहीये."

"नाहीये म्हणजे? गेलं?"

"आलंच नव्हतं. एकशे बाराला मीच फोन करायचे, अस्वल आलंय म्हणून. मोरीत जाऊन."

मी उभ्या उभ्या तापले. माझ्या पानाची इज्जत, माझी बातमी, माझा फोटो! खोटा फोन करणं गुन्हा आहे, हे मीच छापलं होतं, तेही ठळक अक्षरात. मी तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली:

"तूच लिहिलं होतंस ना, पाहुण्यांना जाऊ देऊ नका म्हणून. तुम्ही कोट घालता ना, आउरिका, तेव्हा मला रडू येतं. भांडी घासताना घड्याळ ऐकू येतं फक्त. म्हटलं, अजून एक तास. एवढंच."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. नवरा दारात उभा होता, तो पाय न वाजवता अंगणात निघून गेला. सारमाले दुपारपासूनच चुलीवर असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला माझीच लाज वाटली, आणि तिचा रागही येत राहिला. दोन्ही एकदम येतं माणसाला.

तिने ठरवलं होतं की मुलाला खरं सांगायचं. दंड झाला तर झाला, पण चौथ्या मजल्यावर जायचं नाही. मी सोबत गेले.

अंगणात अर्धं गाव निरोपाला जमलं होतं. ओविदिऊ भाड्याच्या गाडीत गाद्या कोंबत होता. दोइना डोळ्यांनीच अंगण मोजत होती. साफ्ता पायरीवर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की अस्वल कधी आलंच नाही, मी खोटं बोलले.

प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. कारण इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं की आपलं तेवढं खोटं आहे, बाकीच्यांचं खरं.

मग गाव्रिल खाकरला. म्हणाला, नाही कसं, माझ्या पेट्या काय मी फोडल्या? मिनोदोराने कोंबड्यांची शपथ घेतली. दोइना म्हणाली, माझ्या पाहुण्यांनी प्रत्यक्ष बघितलंय, त्यातले एक तर डॉक्टर होते. तिबेरियु टोपी काढून साफ्ताजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साफ्ताकाकू, माझा अहवाल वर गेलाय. शाबासकीचं पत्र आलंय. असं नका करू."

ओविदिऊने हातातली गादी खाली ठेवली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "आई," तो म्हणाला, "सगळ्या गावाला अस्वल दिसतं आणि तुला आठवतच नाही? चल. आता तर तुला एकटीला ठेवणारच नाही."

झालं. खरं बोलून बाईचं डोकं फिरलंय असं ठरलं. साफ्ताने माझ्याकडे बघितलं.

मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेले आणि फोन काढला. पोस्टात आयुष्य गेलंय माझं, हात भराभर चालतात. लिहिलं: ताजी बातमी. साफ्ताच्या फाटकापाशी येणारं अस्वल पिल्लांसह पहाटे सुखरूप पकडलं आणि डोंगरापलीकडे दूर नेऊन सोडलं. स्थानिक पोलिसांची कामगिरी. आता गाव निर्धास्त.

ओविदिऊच्या खिशात फोन वाजला. आईवर नाही, पण माझ्या पानावर त्याचा भरवसा. त्याने बातमी मोठ्याने वाचली आणि तिबेरियुकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मीही बघितलं, आणि मी कशी बघते हे माझ्या नवऱ्याला विचारा.

तिबेरियुने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "हो," तो म्हणाला. "पहाटेच."

"दोर मी धरला होता," गाव्रिल म्हणाला.

मिनोदोराने सांगितलं की पाद्रीबुवांनी पिंजऱ्यावर पवित्र पाणीही शिंपडलं. दोइना एकटी धुमसत राहिली, तिची जागाही चालली होती आणि पाटीही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, पाटीवर लिही, याच खिडकीतून अस्वल दिसलं होतं. तिला ते पटलं.

ओविदिऊ गाडीला टेकून उभा राहिला. मग त्याने आईला विचारलं की, मग अस्वल नाहीच, असं तू का म्हणत होतीस? साफ्ता म्हणाली, आता नाहीच ना ते, म्हणून. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. गाद्या घरात परत गेल्या. चार दिवस राहून त्याने फाटक दुरुस्त केलं, छपराची दोन कौलं बदलली आणि गेला. जाताना मला म्हणाला, आउरिकाकाकू, आईवर लक्ष ठेवा, तुमच्या पानामुळे मला सगळं कळतं. मी मान खाली घालून हो म्हटलं.

पुढचा रविवार आला. साफ्ता नेहमीसारखी हरली. साडेपाच वाजले. आम्ही तिघी उठलो, कोट घातले. फोन गप्प. साफ्ता मोरीकडे गेली नाही. तिने मुकाट्याने कप गोळा केले, आणि चुलीवरच्या मोठ्या पातेल्यावर झाकण नीट बसवलं, आम्हाला वास येऊ नये म्हणून. पण वास कुठे लपतो?

माझा हात कडीवर होता. मी खिडकीतून बाहेर बघितलं. रिकामा रस्ता, दुरुस्त केलेलं फाटक, त्यापलीकडे रान.

"झाम्फिरा, खाली बस," मी म्हटलं. "बाहेर काहीतरी हललं."

झाम्फिराने बाहेर बघितलंसुद्धा नाही. कोट काढून खुर्चीवर टाकला. "मोठं आहे का?"

"पिल्लं आहेत सोबत."

"मग आज उशीर होणारच," असं म्हणून मिनोदोरा बसली आणि पत्ते पिसायला लागली. साफ्ता आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी उभी होती. तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.