आवाजाची हजेरी

चुन्याची डबी पितळेची होती, झाकण सैल झालेली, आणि ती ठाणेदारांच्या हातून नायब तहसीलदारांकडे, त्यांच्याकडून अण्णाजींकडे, अण्णाजी पान खात नसल्यामुळे तशीच पुढे लक्ष्मणराव मुकद्दमाकडे अशी टेबलावरून फिरत होती, आणि शाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या श्रावण कोतवालाचे डोळे तिच्यामागून फिरत होते. बोलणं कानावर पडत होतं, पण त्यात नवीन काही नव्हतं. रूपराव सुटला. चांगल्या वागणुकीची सूट मिळून सुटला. तुरुंगाने ठाण्याला कळवलं, ठाण्याने तहसिलीला, तहसिलीने सुटलेल्या कैद्यांना हात देणाऱ्या समितीला, आणि आज सगळे मिळून गावच्या शाळेत बसले होते, कारण असा धोक्याचा माणूस एकट्या खात्याचं काम नव्हे, सगळ्यांनी हातात हात घालून त्याच्याकडे पाहिलं पाहिजे… हे प्रभाकररावांनी, म्हणजे नायब तहसीलदारांनी, इतक्या सुरेख शब्दांत सांगितलं की ठाणेदारसुद्धा पान चघळायचे थांबले.

बंदोबस्त ठरत होता. ठाण्याचा शिपाई आठवड्यातून एकदा फेरी मारील. समिती रूपरावला माग देईल. तुरुंगात तो सतरंज्या विणायला शिकला होता, हात चांगला बसला होता म्हणे. गावचे मुकद्दम त्याच्यासाठी जामीन राहतील. मुकद्दम त्याचे सख्खे थोरले भाऊ, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट सोयीचंच वाटलं. आणि कोतवाल रोज दिवेलागणीला घरी जाऊन हजेरी घेईल. हे शेवटचं बोलताना कोणी दाराकडे पाहिलं नाही. विहिरीचं पाणी काढायचं ठरवताना बादलीकडे कोण पाहतं?

आणि सगळ्यांनी रूपरावला पाहिलं होतं — हे श्रावणला सकाळपासून टोचत होतं. जेवण मुकद्दमाच्या घरीच झालं. साहेबांना आग्रह करकरून वाढायला रूपराव स्वतः होता, खाली मान घालून, पांढऱ्या टोपीत. समितीचे अण्णाजी तर त्याच्या पाठीवर हात ठेवून बोलले. श्रावण तेव्हा बाहेर लिंबाखाली साहेबांची दमणी राखत बसला होता, बैलांच्या पाठीवरच्या माशा वारत. ठाण्याने पाहिला, तहसिलीने पाहिला, समितीने पाहिला. ज्याने आजपासून रोज त्याला राखायचं, त्याने तेवढा पाहिला नव्हता.

तसा रूपराव आधीही राखणीखालीच होता. देवळीच्या बाजारात एका तेल्यावर कुऱ्हाड उगारली म्हणून वर्षभर आत जाऊन आला, तेव्हाही ठाण्याने निगराणी लावली होती, आणि तेव्हाही रोज संध्याकाळी श्रावणच जात असे. जायचं म्हणजे अंगणात, तुळशीवृंदावनाच्या अलीकडे उभं राहायचं, आणि हाक द्यायची. आतून ‘हाव’ आलं की झाली हजेरी. पुढे जायचं नव्हतं. त्याचा बाप गेला नव्हता, आजा गेला नव्हता, आणि पुढे जाऊ नको असं त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. सांगायची गरजच काय होती? सरकारने राखणदार नेमला तो असा, की ज्याला राखायचं त्याच्या ओट्याला राखणदाराचा पाय लागता कामा नये! याचं हसू येऊ नये? पण तेव्हा नव्हतं आलं. तेव्हा तो तुळशीच्या अलीकडे उभा राहायचा, आवाज घ्यायचा आणि घरी येऊन भाकर खायचा.

त्या संध्याकाळीही ‘हाव’ आलंच होतं. जाड, घोगरं, रोजच्यासारखं. आणि त्याच वेळी, कापूस वेचून नाल्याच्या वाटेने परतणाऱ्या तानाबाईला — त्याच्या चुलत बहिणीला — रूपरावने वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, अडवलं होतं. चार दिवसांपूर्वी तिने त्याला सगळ्या बायांदेखत झिडकारलं होतं म्हणून. गळ्यावर येणारा विळा तिने हातावर घेतला. बोटं तिथेच वावरात पडली. माणसं कंदील घेऊन धावली तेव्हा श्रावण जेवत होता, आणि पहिलं त्याच्या तोंडून निघालं ते हेच, की रूपराव तर घरी हाय, म्या आताच आवाज घेतला.

कोर्टात लक्ष्मणरावच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. सरकारचाच कोतवाल म्हणतो आरोपी घरी होता. मग सरकारी वकील उठले. आवाज रूपरावचाच होता का? तसा वाटला. डोळ्यांनी पाहिलंस? नाही. का नाही पाहिलंस?… का नाही ते तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं, प्रश्न विचारणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, मघाशीच वरून ओंजळीत पाणी ओतणाऱ्या पट्टेवाल्याला. पण ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि ते येईना. साक्षीदार भरवशाचा नाही, असं म्हणून त्याला खाली उतरवलं. रूपरावला सजा झाली ती तानाबाईच्या शब्दावर, पट्टी बांधलेला हात वर धरून ती बोलली त्यावर. श्रावणचा तिला तितकाच उपयोग झाला जितका लक्ष्मणरावला झाला. म्हणजे काहीच नाही.

डबी पुन्हा ठाणेदारांपाशी आली होती. उठायची वेळ झाली होती. आणि तेव्हा श्रावणने विचारलं. इतकी वर्षं मनात घोळलेला प्रश्न इतक्या बारीक आवाजात निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“साहेब… मी ओट्यावर चढून पाहू का त्याले, का आवाजच घेऊ?”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. ठाणेदार जबलपूरकडचे, त्यांनी लक्ष्मणरावकडे पाहिलं. लक्ष्मणराव नुसता हसला, घरातल्या लहानाने पाहुण्यांसमोर काही भलतंच बोलावं तेव्हा हसतात तसं. प्रभाकररावांना मात्र सगळं समजलं. त्यांनी चष्मा पुसला. आता कायद्याची काही आडकाठी नाही, असं ते म्हणाले, खिडकीतून बाहेर बघत; पण गावात सलोखाही राहिला पाहिजे, असंही म्हणाले. “आवाज पहचानते हो न?” ठाणेदारांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “बस. हो गया.”

अण्णाजी भला माणूस. खादी घालणारे, पायी हिंडणारे, तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलणारे. ते उठून श्रावणजवळ आले आणि प्रेमाने म्हणाले, “असं बघ, तो बदलून आलाय. रोज कोणी दारात येऊन त्याला जनावरासारखं न्याहाळलं, तर त्याच्या स्वाभिमानाला धक्का लागेल. नाही का?”

लागेल ना. लागेलच. श्रावणने मान हलवली.

स्वाभिमान… हा शब्द गेल्या दसऱ्याला मंडळी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांच्या मोहल्ल्यात रोज उच्चारला जात होता, पोरांच्या तोंडी, सभेत, भिंतीवर. देव्हाऱ्यातले देव नाल्यात गेले, मेलेली जनावरं ओढणं बंद झालं. बायको कमलाबाई म्हणाली होती, कोतवालीही सोडा, कोणाच्या दारात उभं राहून हाका मारायच्या अजून? तो म्हणाला, पगार आहे. पगार तो केवढा! पण सोडली नाही. आणि आज तोच शब्द अण्णाजींनी झाडून पुसून रूपरावला देऊन टाकला. मला विचारायचं होतं, अण्णाजी, तानीच्या बोटांना कशाचा धक्का लागला होता हो?… विचारलं नाही. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

साहेबांची दमणी गेली. जाताना प्रभाकरराव म्हणाले होते, त्या बाईला कळवा, घाबरू नये म्हणावं, सगळी खाती मिळून लक्ष ठेवून आहेत. बाईला बोलावून विचारावं हे चार जणांपैकी एकालाही सुचलं नाही. कळवायचं काम मात्र न सुचता श्रावणकडे आलं.

तानाबाई ओसरीत बसून डाव्या हाताने तुरी निवडत होती. उजवा पदराखाली, तो ती कधी बाहेर काढत नसे, घरच्यांसमोरही नाही. नवरा मागेच वारला होता, मुलगी सासरी, घरात एकटी. श्रावणने जे ठरलं ते सांगितलं: शिपाई, माग, जामीन. साहेब किती चांगलं बोलले तेही सांगितलं. ती तुरी निवडत राहिली.

“तू पाह्यलं का त्याले?”

“साहेबाईनं पाह्यलं.”

“साहेब राह्यते का इथं?”

ती तूर सुपात सारखी करत म्हणाली, की दोन दिवस झाले ती वेचणीला गेली नाही. बायांचं काय, त्या तिला सांभाळून एक-दोन दिवस थांबतील, रोज कोण थांबेल? उद्या नाल्यापलीकडच्या वावरात जायचं होतं. डाव्या हाताने वेचते, तिची वेचणी सगळ्यांच्या मागून संपते, वाटेत एकटीच उरते. मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

“मले त्या खात्या-बित्यातलं काई कळत नाई, दादा. तू आज जाऊन येजो. तू हाय म्हनशील, तं मी उद्या जाईन. नाई म्हनशील, तं नाई जानार.”

एवढा विश्वास! कोर्टाने ठेवला नाही तो हिने ठेवावा, ज्या माणसाच्या ‘हाय’ने तिचं एकदा वाटोळं झालं त्याच्यावर. त्याला तिचा राग आला, अगदी खरा राग. मग स्वतःचा आला. मग काहीच येईना.

दिवेलागणीला तो मुकद्दमाच्या अंगणात उभा राहिला. तुळशीच्या अलीकडे, पाय आपोआप तिथेच थांबले, शिकवलेल्या बैलाचे थांबावेत तसे. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतल्या कंदिलाचा उजेड ओट्यावर तिरपा पडला होता.

“रूपरावजी!”

“हाव.”

जाड. घोगरा. दोघा भावांचा गळा एकाच बापाचा, आणि एकाचा इतक्या वर्षांत ऐकलेला नव्हता. हा कोणाचा? तो ऐकत राहिला, पण ‘हाव’ एवढंसं असतं, ते संपूनही गेलं होतं. आजपर्यंत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. पुन्हा हाक दिली, आणि नुसती हाक नाही —

“कोन बोलते?”

आत कोणीतरी पाट सरकवला. मग: “आवाज आला ना? जाय आता.”

तो गेला नाही. तुळशीला वळसा घालून तो पुढे गेला. इतकं सोपं होतं ते, की त्याला आश्चर्य वाटलं. कोणी ओरडलं नाही, आभाळ कोसळलं नाही, पायाखालची जमीन अलीकडच्यासारखीच शेणाने सारवलेली होती. ओट्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा छाती भरून आली. एक पाऊल आणखी, आणि दाराच्या फटीतून सगळी खोली दिसणार होती. लक्ष्मणराव एकटाच बसलेला दिसेल, कंदिलापाशी, भावाचा आवाज तोंडात घेऊन, चोरासारखा. मग पळतच जाईन ठाण्यात. तहसिलीत जाईन. त्या कोर्टाच्या पायऱ्या चढेन आणि म्हणेन, बघा, आता डोळ्यांनी पाहिलं, लिहा आता. अण्णाजींना सांगेन. पट्टेवाल्यालासुद्धा सांगेन. तेव्हाही असंच होतं हे सगळ्यांना कळेल, आणि तेव्हा मी खोटा नव्हतो… कमलाबाई विचारायची, कोतवाली का सोडत नाही. याच्यासाठी. या एका पायरीसाठी तो इतकी वर्षं तुळशीच्या अलीकडे उभा होता, खोली रिकामी निघावी म्हणून.

रिकामी.

आणि रूपराव या खोलीत नसला तर तो कुठे असेल, हे इतका वेळ त्याच्या मनात आलंच नव्हतं. काळोख पडला होता. गावाच्या कडेला तानाबाई ओसरीत एकटी बसलेली असेल, त्याच्या एका शब्दासाठी कान लावून, आणि या सगळ्या आनंदात — आनंदच होता तो, दुसरं काय म्हणायचं? — ती कुठेच नव्हती. ते चौघे तिला विसरले म्हणून मी दुपारभर कडू झालो. ते निदान विसरले होते. मी तर तीच वाट पुन्हा मागत होतो, तोच धुरा, तीच वेळ, फक्त माझी साक्ष खरी ठरावी म्हणून.

आत कोणी खाकरलं. कोण, ते कळलं नाही. दाराची फट तोंडासमोर होती, नुसती मान पुढे करायची होती, आणि उद्या सकाळी तानाबाईने घराबाहेर पडायचं की नाही हे त्या मानेवर होतं. श्रावण पायरीवर उभा राहिला. रूपराव आत बसलेला दिसला, तर आपल्याला वाईट वाटेल, याची त्याला भीती वाटत होती.