पाठीमागची ओल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. उभे राहणे हा माझा धंदा. कुरकुर करायची ती फक्त दार उघडताना, एवढीच मुभा. अलीकडे तीही राहिली नाही. ओलीने फुगून माझे दार चौकटीत असे रुतले आहे की ते उघडायला दोन माणसे लागतात, एक ओढायला आणि एक मला धरायला.

मला घडवणारा सुतार बोलण्यात रंधा मारण्यापेक्षा तरबेज होता. पुढच्या बाजूला त्याने आरसा बसवला, चकचकीत पॉलिश केले. पाठीची फळी मात्र तशीच कोरी ठेवली. पाठ कोण बघतो, असे त्याचे म्हणणे. सुरुवातीला ते खरेही ठरले. मी वरच्या खोलीत दिमाखात उभा होतो. पाहुणे माझ्यासमोर केस नीट करत आणि ‘कपाट छान आहे हो’ म्हणत. ते बघत स्वतःकडेच, पण कौतुक माझ्या वाट्याला येई. मी तक्रार केली नाही.

घरमालक पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची थोरली बहीण नवरा गेल्यावर एक ट्रंक घेऊन माहेरी आली, तेव्हा त्याने तिला खालची खोली दिली. दोन पायऱ्या उतरून जायची, एकच खिडकी, आणि खिडकीतून दिसायची शेजाऱ्यांची भिंत. ताईने दिवसभर भिंत बघत बसायचे का, या विचाराने पेंटरला झोप लागेना. मग त्याने पोत्यांनी माती आणली, खोलीच्या भिंतीला लागून बाहेर रचली, जोते पार बुजवले आणि खिडकीखाली फुलझाडांचा उंच वाफा केला. त्याला पाणी कोण घालणार? तर छपराच्या पन्हाळीचा नळ त्याने थेट वाफ्यात सोडला. या युक्तीवर तो बेहद्द खूश होता. घरी कोणी आले की आधी नळ दाखवायचा, मग बहिणीची विचारपूस करू द्यायचा.

पुढच्या पावसाळ्यात खोलीच्या भिंतीवर, फरशीलगत, तळहाताएवढा डाग उमटला.

रंगाच्या दोन हातांत झाकली जात नाही अशी अडचण जगात असते, हे पेंटरच्या डोक्यात कधी शिरलेच नाही. त्याने डाग खरवडला, खळग्यांत लांबी भरली, पांढरा रंग दिला. पुढच्या वर्षी डाग गुडघ्यापर्यंत आला. पेंटरने कमरेइतका हिरवा पट्टा ओढला. त्यानंतर निळा. निळ्यालाही पोपडे आले, तेव्हा त्याला अचानक आठवण झाली की ताईला कपडे ठेवायला कपाट नाही. मला खाली उतरवले आणि बरोबर डागापुढे उभे केले.

तेव्हापासून माझी पाठ कोरडी अशी झाली नाही. पाऊस लागला की घराच्या पायातून पाणी झिरपायचे, माझ्या पायांखालून बारीक धार निघायची आणि खोलीच्या मध्यावर येऊन बसायची, घरचीच असल्यासारखी. ताई जुनी चादर लावायची, पिळायची, पुन्हा लावायची. माझ्या पायांखाली विटा आल्या, मग विटांवर विटा. माणसे नोकरीत चढतात तसा मी दरवर्षी थोडा वर चढत गेलो, आणि तितकाच कुजत गेलो.

ताईला सगळे ठाऊक होते. जोराचा पाऊस आला की ती खिडकीशी उभी राहून बघायची. छपराचे पाणी भदाभदा वाफ्यात पडायचे, क्षणभर साचायचे आणि मुकाट खाली उतरायचे. मग ती वळून माझ्या पायांकडे बघायची. पण बोलायची नाही. कारण रोज कामाला निघण्याआधी पेंटर वाफ्यातले तण उपटायचा आणि खिडकीतून विचारायचा, कळी उमलली, बघितलीस का? ती म्हणायची, बघितली रे. आणि खोकायची.

खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी या खोलीत राहू नका म्हणून बजावले. वर एकच खोली, त्यात पेंटर, त्याची बायको आणि मुले. ताईने परगावच्या धाकट्या बहिणीकडे जायचे ठरवले आणि ट्रंक काढली. एकदा गेलेली ताई परत यायची नाही, हे सगळ्यांना कळत होते. पेंटरला वाटले, बायको काहीतरी टोचून बोलली असणार. बायकोने सांगितले की बोलायला मला या घरात वेळ कुठे मिळतो.

निघायच्या दिवशी ताईचे लोकरीचे कपडे माझ्यात होते. पेंटरने दार ओढले, बायकोने मला धरले. दार उघडले नाही. पाठ गेली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी माझी मागची फळी गळून पडली आणि भिंत उघडी झाली. पांढरा, हिरवा, निळा, सगळे पोपडे एकावर एक, खाली काळी बुरशी, आणि तीच बुरशी कपड्यांवर.

पेंटरने एक पोपडा नखाने सोलून बघितला. मग म्हणाला, “बाजारात एक नवीन रंग आलाय.”

“बाळू,” ताई ट्रंकेवर बसली, “रंगानं थांबायचं नाही ते. पाणी वाफ्यातून येतंय.”

“तुला कधीपासून माहितीय?”

“पहिल्या पावसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“खांदे सोलवटले होते तुझे माती वाहून. काय बोलणार होते मी?”

पेंटरची बायको अजून मला धरूनच उभी होती. ती म्हणाली, “फुलझाडं उपटून पलीकडे लावता येतात, वन्सं. तुमचं तसं नाही ना.”

पेंटर फावडे घेऊन भुरभुर पावसात बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळा वाफा उपसला. जोते मोकळे झाले. जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, नळ लांब गटारापर्यंत नेला. ताई खिडकीतून ओरडत होती, मुळांना धक्का लावू नकोस. झाडे कुंपणाशी गेली. ती खिडकीतून तिरपी मान करून दिसतात.

ताईने ट्रंक वरच्या खोलीत नेली. मुले दाटीवाटीने झोपली आणि कुरकुरली. ओल एका दिवसात जात नाही. पावसाळा सरला तरी भिंत घामेजलेली होती. पेंटर पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा ताईने तो तसाच परत पाठवला. आधी वाळू दे म्हणाली. आता भिंत वाळली आहे, रंगाविना, डागांसकट. ताई पुन्हा खाली राहायला आली आहे आणि धाकटीला कळवून टाकले आहे की येत नाही. मला भिंतीपासून हातभर पुढे ठेवले आहे. पाठ नाही, त्यामुळे वारा आत खेळतो. दमलो आहे, पण टिकेन.

मित्रांनो, भिंत ओली दिसली तर आधी बाहेर जाऊन पाणी कुठे पडते ते बघा. आणि घरातले कोणी बरेच दिवस ‘काही नाही’ म्हणत असेल, तर त्याच्यासमोर जरा बसा. पाठीवर ओल घेऊन वर्षानुवर्षे गप्प राहणे आम्हा कपाटांना जमते. माणसांना खोकला होतो.