हवा बाहेर टाकणारा पंखा

मित्रांनो, भिंतीच्या गोल भोकात बारा वर्षे काढलेला मी एक जुना पंखा आहे. तुमच्या घरातला पंखा वारा घालतो. माझे काम उलटे, खोलीतली वाईट हवा ओढून बाहेर टाकण्याचे.

मला बुटांच्या कारखान्यात बसवले होते. माझ्याखाली सहा बायका बुटांच्या तळांना चिकटवण्याचे उग्र वासाचे सोल्युशन लावत. "हा आहे म्हणून डोकं जाग्यावर आहे," असे त्यांतल्या काकू म्हणत, तेव्हा माझ्या लोखंडी अंगावर मूठभर मांस चढे.

काकूंची धाकटी जाऊ त्यांच्याच शेजारी बसे. तिचा हात सगळ्यांत चपळ होता. पण पुढे तो मंदावला. तिचा चेहरा सुजला, केस गळू लागले आणि भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून येऊ लागली.

"काय गं, बर्फात निघालीस का?" बायका हसल्या.

"हसा तुम्ही. जाऊबाई, तेवढा पंखा बंद करा ना. त्याच्या ओढीने दारातून गार झुळूक येते, हुडहुडी भरते."

काकूंनी मायेने बटण बंद केले. ते पुन्हा लावायचे कुणाच्या मनात आले नाही. तीन वर्षे मी मुका बसलो आणि वास खोलीतच कोंडून राहिला.

"निम्मेच जोड होतात तुझे. असं चालायचं नाही," मुकादम तिला म्हणाला, तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बिघडलीय," परत आल्यावर तिने सांगितले. "शरीराचं रक्षण करणारी शक्तीच तिच्यावर उलटलीय. म्हणून थंडी वाजते. बायकांना जास्त होतं म्हणे. आता जन्मभर गोळी."

"पण झालं कशानं?" काकूंनी विचारले.

"नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. घराण्यात असतं, आजूबाजूच्या गोष्टींचाही हात असू शकतो. या वासाचं विचारलं, तर म्हणाल्या, शंकेला जागा आहे. हवा खेळती ठेवा."

काकूंचा चेहरा उतरला. त्या धावतच बटणाकडे गेल्या. मी जीव खाऊन जोर लावला, पण नुसती घरघर झाली. बसून बसून माझा दांडा चिकट धुळीने जाम झाला होता. मुकादमाने मला उतरवले आणि भोकावर पत्रा ठोकला.

"नवा बघू पुढच्या वर्षी."

ते वर्ष आले आणि गेलेही. धाकटी जाऊ अजून तिथेच बसते. दुसरे काम तिला कोण देणार? गोळीने थोडी तरतरी येते, हवा मात्र तीच आहे. मी अडगळीत उलटा पडलो आहे.

मित्रांनो, माझे आता काही व्हायचे नाही. पण घरातली एखादी बाई सारखी थकत असेल, तिला अवेळी थंडी वाजत असेल, तर तिला आळशी म्हणू नका, तपासायला न्या. आणि तिच्या अंगावर शाल जरूर घाला, पण मायेपोटीसुद्धा हवेची वाट बंद करू नका.